बरकत आहे, टाका

भोर, १७ ऑक्टोबर १९९९

प्रिय गुलफशा,

तुझं पत्र परवा मिळालं. इकडे सगळं छान आहे. भात पिवळं पडायला लागलंय, उत्रोलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंबेमोहराचा वास येतो.

अब्बा बरे आहेत. त्यांना नव्या चपला घेतल्या, एक नंबर मोठ्या. जुन्या घट्ट व्हायला लागल्या होत्या. हल्ली त्यांना आरामखुर्चीतच झोप लागते, पलंग नको म्हणतात. मशिदीच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबून लोकांशी गप्पा मारतात.

फोन का करत नाहीस म्हणून मी विचारणार नाही आणि तूही मला विचारू नकोस. फोन आपल्या भाताच्या गिरणीत आहे, अब्बांच्या टेबलावर. तुझा आवाज आला की ते रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवतात आणि घरात निरोप धाडतात, "हैदराबादचा फोन हाय." जणू हैदराबाद हे कुणा बाईचं नाव. मग मी बोलत असते तोवर पाठमोरे बसून कान देतात. त्यापेक्षा पत्र बरं.

गिरणीच्या पुढच्या गाळ्याचं शटर अजून बंदच आहे. तू फार्मसी करून आलीस की तिथे औषधांचं दुकान काढायचं, म्हणून त्यांनी 'गुलफशा मेडिकल' असा बोर्डसुद्धा रंगवून घेतला होता. तू हैदराबादला संशोधनाला चालले म्हणालीस त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला, तो तसाच आहे. गाळा मात्र दुसऱ्या कुणाला देत नाहीत. या तीन वर्षांत चार जण विचारून गेले. सगळ्यांना एकच उत्तर, "सामान हाय आत." आत तो बोर्ड आणि एक मोडकी शिडी आहे.

आता खरी बातमी. तुझ्या प्रयोगाबद्दलचं सगळं मी काल जेवताना त्यांना वाचून दाखवलं. मधुमेह दिलेल्या उंदरांची हृदयं तू काचेच्या उपकरणाला टांगून धडधडती ठेवलीस, मग त्यांना रक्ताच्या जागी मिळणारं पाणी तोडलंस, मग परत सोडलंस. आणि ज्यांना मधुमेह होऊन थोडेच दिवस झालेत अशा उंदरांची हृदयं निरोगी उंदरांपेक्षाही चांगली सावरली. तुझ्या सरांना ती चूक वाटली. तू पुन्हा केलंस, पुन्हा तेच आलं.

अब्बा घास हातात धरून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे काळजाला साखरंची सवय लागती."

मी म्हटलं, "सुरुवातीला, असं लिहिलंय तिनं. जुन्या मधुमेहाचे उंदीर तयार व्हायला अजून कितीतरी महिने लागतील, तेव्हा पुढचं कळेल."

"मंग म्या काय म्हणत हुतो इतकी वर्सं? तुमचे डॉक्टर शुगरची पथ्यं सांगत्यात. माज्या अंगाला सवय हाय." आणि हात धुवायला उठता उठता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हुशार हाय पोरगी माजी."

माझी, म्हणाले. मी तव्यावरची भाकरी करपवली.

तुझी,
अम्मी


भोर, २८ नोव्हेंबर १९९९

प्रिय गुलफशा,

तू फार प्रश्न विचारतेस. पायावर बोट दाबलं तर खड्डा राहतो का, आडवं झाल्यावर धाप लागते का, खुर्चीत झोपायला कधीपासून लागले. चपलांबद्दल मी सहज लिहिलं होतं गं.

पाचगणीच्या बोर्डिंगात दर रविवारी आम्हाला घरी पत्रं लिहायला बसवत. सिस्टर बर्नाडेट ती वाचायच्या आणि मगच पाकीट बंद व्हायचं. "मी बरी आहे, इथली हवा छान आहे" यापलीकडे काही लिहिलं की लाल शाईची रेघ. मला गोवर आला होता तेव्हाही मी हवेचं कौतुक लिहिलं. त्या खिडकीतून खाली कृष्णेचं खोरं दिसायचं आणि मला वाटायचं, माझ्या आईला पत्रात न लिहिलेलंही कळत असेल. तुला कळतं, असं दिसतंय.

खड्डा राहतो.

पण आता सुगी आहे, कोण ऐकणार? रोज सकाळपासून दारात बैलगाड्या आणि टेम्पो. मी नवी नवरी होऊन या घरात आले तेव्हा मला ही रीत पाहून हसू आलं होतं. प्रत्येक शेतकऱ्याच्या नव्या भातातलं ओंजळभर आधी उखळात सडायचं, आपल्याच चुलीवर शिजवायचं आणि ती वानगी गिरणीच्या मालकानं शेतकऱ्यासमोर बसून खायची. "बरकत आहे, टाका" असं त्याच्या तोंडून निघाल्याशिवाय यंत्रात एक दाणा पडायचा नाही. तुझ्या आजोबांपासून असं चाललंय. वानगी परत सारली, तर त्या माणसाच्या शेतालाच नाव ठेवल्यासारखं. आणि माणसं तरी किती लांबून येतात. पालीच्या बाळाबाई, राजगडाच्या पायथ्याहून, वाटेतल्या सगळ्या गिरण्या टाकून इथे येतात, तेवढ्या दोन शब्दांसाठी.

पूर्वी अब्बा दोन घास खायचे. यंदा वाडगा रिकामा करतात. परवा उत्रोलीचे रखमाजी म्हणाले, "मन्सूरभाई, बेतानं. शुगर हाय तुमाला."

"काळजाला सवय लागती साखरंची. माज्या पोरीनं हैदराबादला सबूत केलाय."

"ती व्हय? ती तर उंदरं पाळती म्हणं."

"तुजी दोन पोरं शेतात हायत, ती काय करत्यात?"

सगळी गिरणी हसली. बाळाबाई म्हणाल्या, "गिरणीवाल्याची लेक उंदरं पोसती. आता आमच्या कणग्या कोण राखायच्या?" त्यावर अब्बा सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. तो बराच वेळ थांबला नाही.

गुलफशा, तीन वर्षं ज्या मुलीचं नाव त्यांनी घेतलं नाही, तिचं नाव आता दिवसभर गिरणीत घुमतंय. हे तुला कळवायला मला किती आनंद व्हावा. आणि ते नाव ते प्रत्येक वाडग्यावर घेतात. मी त्यांना रोज सांगते की तुझं म्हणणं अर्धंच झालंय अजून. ते म्हणतात, "उरल्यालं कळलं की सांग."

मशिदीच्या पायऱ्यांवर ते गप्पा मारत नाहीत. दम खातात.

अम्मी


भोर, २६ डिसेंबर १९९९

प्रिय गुलफशा,

अब्बांना बघून तू पुण्याहून परत गेलीस, त्यानंतरचं लिहिते.

त्या संध्याकाळचं तुला मी दवाखान्यात नीट सांगू शकले नाही. रमजान सुगीत आला की शेतकरी मगरिबच्या वेळी, सूर्य मावळता मावळता, भांडं घेऊन येतात, म्हणजे अब्बांचा रोजा त्यांच्या नव्या भातावर सुटतो. त्यांना त्यात मोठा मान वाटतो. रोजा धरू नका असं डॉक्टर म्हणाले होते, पण अब्बा कुठले ऐकायला? त्या दिवशी रखमाजींची वानगी होती. दिवसभर पोटात काही नाही, आणि मग तो अख्खा वाडगा. "बरकत" म्हणाले आणि "टाका" म्हणायला श्वासच पुरला नाही. ओठ हलले, पण आवाज आला नाही. रखमाजींनीच त्यांना उचलून टेम्पोत घातलं. पुण्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्यांना टेकवून बसवून ठेवलं होतं. आडवं केलं की ते बुडाल्यासारखे करत.

हृदयाच्या एकोचं चित्र तू पाहिलंसच. मोठ्या नळ्या बंद नाहीत, स्नायूच दमून फुगलाय, असं डॉक्टर म्हणाले. तू नुसती मान हलवलीस. तुझ्या चेहऱ्यावर मला नवल दिसलं नाही, ओळख दिसली, आणि मला त्याचीच भीती वाटली.

तू पलंगाशी उभी होतीस तेव्हा ते जागे होते. तुलाही कळलं असणार. तू निघालीस, लिफ्टचं दार वाजलं, आणि त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "बारीक झाली." थोड्या वेळानं, "केस कापले?" एवढंच.

आता घरी आलोत. पाणी काढायची गोळी घेतात, कारण तिचा परिणाम दिसतो. बाकीच्या गोळ्या उशाखाली जातात. इन्सुलिनला हात लावू देत नाहीत. डॉक्टरांना त्यांनी विचारलं, "छातीत कळ आली का माज्या? न्हाई. मंग काळजाचं नाव कशाला? रोज्यानं पित्त झालं." डॉक्टर म्हणाले, मधुमेहात पुष्कळांना कळ येतच नाही. बाहेर आल्यावर अब्बा मला म्हणाले, "कळ आली न्हाई ह्योबी पुरावा, आली असती तर त्योबी पुरावा. लई सोपं काम हाय ह्यांचं."

तुझे जुन्या मधुमेहाचे उंदीर कधी तयार होतील? मी पाचगणीत चॅपलच्या बाकावर बसून परीक्षेसाठी दुवा मागायचे, कुणाला कळू नये म्हणून सगळ्यांसारखे हात जोडून. आज पहिल्यांदाच उंदरांसाठी मागितली.

अम्मी


भोर, १२ मार्च २०००

प्रिय गुलफशा,

तुझं पाकीट गुरुवारी आलं. आत दोन कागद होते. एक मला आणि एक, वर "अब्बांना वाचून दाखव" असं लिहिलेला. मी तो घेऊन सरळ गिरणीत गेले.

वीज नव्हती. वीज गेली की लावायचं ऑइल इंजिन उघडून ठेवलेलं होतं. अब्बा स्टुलावर बसून काजळी कशी खरवडायची ते गड्याला सांगत होते, आणि रखमाजी म्हशींसाठी कोंडा न्यायला आलेले. मी म्हटलं, "हैदराबादचा निकाल आलाय. उरलेला." आणि बसले नाही, उभ्यानंच वाचलं, शाळेच्या स्टेजवर वाचायचे तसं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

तू लिहिलंस ते मला आता पाठ झालंय. मधुमेहात रक्तात साखर भरपूर, पण ती स्नायूच्या आत शिरत नाही. तारेत वीज आहे, पण गिरणीत येत नाही, तसं. तरी हृदय बंद पडत नाही. ते इंजिन लावतं. साखरेऐवजी चरबी जाळून चालतं. काम होतं, पण काजळी फार धरते. या काजळीलाच तुमच्या भाषेत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. पहिले काही दिवस हृदय काजळी पुसणारे हात वाढवतं, गरजेपेक्षाही जास्त. म्हणून तर त्या पहिल्या उंदरांची हृदयं निरोगी हृदयांपेक्षा टिकली. "अब्बा, सवय होते हे तुमचं म्हणणं बरोबर आहे," असं तू लिहिलंस तिथे त्यांनी गड्याला हातानं थांबवलं. "पण इंजिन रात्रंदिवस चालू ठेवलं तर पुसणारे हात दमतात. काजळी त्या हातांवरच चढते. माझ्या जुन्या उंदरांची हृदयं पाणी तोडल्यावर परत नीट चाललीच नाहीत. एकाचंही नाही. आणि तोवर त्यांना काही होत असल्याचं बाहेरून दिसलं नव्हतं. ज्यांना मी इन्सुलिन सुरू केलं, त्यांची पुष्कळ सावरली. अब्बा, लहानपणी तुमच्या शेजारी बसून मी हे इंजिन पुसायचे. माझा फ्रॉक काळा व्हायचा आणि अम्मी रागवायची. मी अजून तेच करते आहे."

तो फ्रॉक मी तेव्हा फेकून दिला नव्हता, पण ते राहू दे.

अब्बांनी इंजिनाच्या तोंडात बोट घातलं, काढलं, आणि काळं बोट बघत बसले. मग म्हणाले, "उंदराचं येगळं, माणसाचं येगळं."

रखमाजी कोंड्याचं पोतं खाली ठेवून म्हणाले, "व्हय का? मंग सुगीत काय सांगत हुता आमाला? तवा उंदराचं तेच माणसाचं हुतं."

"रखमा, तू गप."

"का गप? पोरीचा सबूत गोड हुता तवर वाडगं भरून खाल्लासा. कडू निघाला तर उंदराचा झाला? मन्सूरभाई, आमी वानगी आणली आन् तुमी 'बरकत न्हाई' म्हणाला, तर आमी मानतो. बरकत हाय म्हणाला तरी मानतो. एकाच तोंडाचं अर्धं मानायचं आन् अर्धं सोडायचं, आसं ह्या गिरणीत कधी झालं न्हाई."

तुला माहीत आहे, अब्बांना कुणी काही म्हणालं तर चालतं, गिरणीच्या शब्दाला कुणी काही म्हणू नये. वीज आली, पट्टा फिरायला लागला, गड्यानं माझ्याकडे बघितलं. मग अब्बांनी चिंधीनं बोट पुसलं आणि मला म्हणाले, "ती सुई कुठं ठिवलीस?"

घरी येऊन मी ती त्यांना टोचली. "तिला लिव्ह," म्हणाले, "उंदरं वरडत्यात का सुई टोचल्यावर?"

मी लिहिलं. उत्तर दे.

अम्मी


भोर, १९ नोव्हेंबर २०००

प्रिय गुलफशा,

डॉक्टर गुलफशा, असं लिहायला हवं आता. तुझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेची बातमी कळवणारं पत्र बाळाबाईंनी ऐकलं आणि विचारलं, "मंग आता सुई टोचंल का आमाला?" मी म्हटलं, टोचणार नाही, पण का टोचायची ते सांगेल. त्या म्हणाल्या, "म्हंजे मोठी डॉक्टर."

बाहेरच्या परीक्षकांनी तुझ्या पहिल्या निकालावर तासभर उलटतपासणी केली आणि शेवटी सर स्वतःच उठून म्हणाले की मला ती चूक वाटली होती, हिनं माझं ऐकलं नाही हे बरं केलं, हे मी अब्बांना दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी कागद मागून घेतला आणि चष्मा लावून आपणच वाचला. "न्हाई ऐकत ती कुणाचं," म्हणाले. हे कौतुक होतं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते.

या महिन्यात पुन्हा एको काढला. डॉक्टरांनी जुनं आणि नवं चित्र शेजारी धरलं आणि म्हणाले, फूग उतरली आहे, हृदय पुष्कळ जोरानं दाबतंय, पूर्वीसारखं होणार नाही पण यावर माणूस आरामात जगतो. अब्बा पलंगावर झोपतात. जुन्या चपला पुन्हा होतात. काल ते मशिदीच्या पायऱ्या एका दमात चढले आणि वर पोचल्यावर मुद्दाम थांबले, खालच्यांना दिसावं म्हणून. रमजान पुढच्या आठवड्यात लागतो. रोजे धरायचे नाहीत, हे मौलानांनी घरी येऊन सांगितलं. त्यांचंही ऐकलं.

राहिली ती सुगी. दिवाळी झाल्यापासून आम्ही दोघं वानगीचा विषय टाळत होतो. मंगळवारी पहिला टेम्पो आला, बाळाबाईंचा. वानगी शिजली. वाफाळता वाडगा त्यांच्यासमोर आला आणि सगळी गिरणी थांबली. अब्बांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मला वाटलं, आता हरलो आपण.

त्यांनी वाडगा माझ्यापुढे धरला. "घ्या."

मी म्हटलं, "मी?"

"मंग कोण? ह्या घरात पंचेचाळीस सुग्या मी खाल्ल्या. शिजवल्या कुणी?"

पंचेचाळीस म्हणजे त्यांच्या लहानपणापासूनच्या. त्यातल्या कितीतरी माझ्या हातच्या. शिजवून मी आत जायचे, दाराआडून "बरकत" ऐकायचे आणि दुसरं भांडं चढवायचे.

बाळाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाभी, कान्व्हेंटात भात चाखायला शिकिवत्यात का?"

"तिथे सगळं बेचव असायचं, बाळाबाई. म्हणून तर जिभेला कळतं."

लोक हसले. मी बाकावर बसले, त्यांच्या जागेवर, आणि एक घास घेतला. मऊ, किंचित गोड, मागून येणारा तो मोहराचा वास. हा भात मी हजारदा शिजवला असेन, पण कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघत थांबलंय असा कधी खाल्ला नव्हता. चांगला होता, गुलफशा. खरंच चांगला होता. मी वर बघितलं. अब्बा माझ्याकडे बघत होते, जसे वर्षानुवर्षं शेतकरी त्यांच्याकडे बघत आलेत.

"बरकत आहे," मी म्हटलं. स्टेजवरच्या आवाजात. "टाका."

पोतं ओतलं गेलं आणि पट्टा फिरला. बाळाबाईंनी माझी अलाबला घेतली, बोटं मोडून.

बुधवारी अब्बांनी गाळ्याचं शटर उघडलं. आता वानगी तिथे बसून चाखते मी, खुर्ची टाकून. शिडी भंगारात दिली. बोर्ड पुसून दर्शनी लावलाय. रखमाजींनी विचारलं, दुकानात औषधं कुठायत? अब्बा म्हणाले, "औषध हैदराबादला तयार व्हतंय. कळ काढ."

आता या पाकिटासोबत आलेल्या कापडी पिशवीबद्दल. तिच्यात बाळाबाईंच्या शेतातला ओंजळभर आंबेमोहर आहे, हातसडीचा. पिशवी अब्बांनी स्वतः शिवली, म्हणून टाके असे आहेत. बाळाबाईंचं एक पोतं अब्बांनी बाजूला ठेवलंय, भरडू देत नाहीत. बाळाबाईंना म्हणाले, "ह्याची वानगी लांब गेलीया. तिकडनं सांगावा आला की टाकायचं." बाळाबाई खुशीनं थांबल्यात. त्यांच्या भाताची वानगी हैदराबादला गेली, हे आत्तापर्यंत सगळ्या वेल्हे तालुक्याला कळलं असेल.

तेव्हा शिजव, आणि खा. थोडासाच, तुझ्याही अंगात अब्बांचंच रक्त आहे. काय वाटलं ते मला लिहू नकोस. गिरणीत फोन कर. दुपारी तीननंतर, तेव्हा ते टेबलाशी असतात. परवापासून फोन वाजला की पट्टा बंद करायला सांगतात, नीट ऐकू यावं म्हणून.

तेच उचलतील.

तुझी,
अम्मी